फुजी नदीच्या अलीकडची वीज आणि पलीकडची

तोक्यो शहराच्या पूर्व अंगाला, एदोगावा विभागात, निशी-कासाई नावाची वस्ती आहे. स्टेशनातून बाहेर पडले की तमिळ, तेलुगू, हिंदी कानावर येते आणि जरा थांबून ऐकले तर मराठीही ऐकू येते. याच एदोगावा विभागाच्या सभेवर २०१९ साली योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ निवडून आले होते. कॉम्प्युटरच्या कामासाठी गेलेली आपली कितीतरी मुले इथे बिऱ्हाड करून आहेत. आमचा भाचा त्यांतलाच एक. २०२४ च्या मार्चमध्ये त्याची बदली पश्चिमेकडे हामामात्सु गावी झाली. घरात तान्हे मूल, सामानाची बांधाबांध, सूनबाई एकटी. तेव्हा आमची थोरली बहीण अक्का, म्हणजे भाच्याची आई, आणि तिला सोबत म्हणून आम्ही, असे दोघे दोन महिन्यांसाठी गेलो.

अक्काने नेलेल्या सामानात मेतकूट होते, पापड होते, आणि धोतराच्या जुन्या पानात गुंडाळलेला एक कोरा मिक्सर होता. साडेसातशे वॅटचा, दगडासारखी हळद फोडील असा. सूनबाई कधीतरी फोनवर बोलून गेली होती की इथल्या मिक्सरवर इडलीचे पीठ नीट वाटले जात नाही. अक्काने ते मनात धरून ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मिक्सर ओट्यावर मांडला आणि प्लग हातात घेतला, तर भिंतीत नुसत्या दोन उभ्या चिरा. आपल्या तीन गोल पिना तिथे कुठून बसणार? सूनबाई धावत आली. “आई, थांबा. पिनेचं सोडा, इथली वीजच शंभर व्होल्टची आहे.”

“वीज ती वीज,” अक्का म्हणाली, “तुमच्याकडे काय निम्मीच येते?”

“निम्मीसुद्धा नाही,” भाचा आतून म्हणाला.

ते अक्षरशः खरे आहे. आपल्या घरात २३० व्होल्टची वीज येते, जपानात १०० ची, अमेरिकेत १२० ची. व्होल्ट म्हणजे काय, हे शेतकऱ्याला समजावून सांगायला नको. टाकी जितकी उंच तितका नळाला जोर. तो जोर म्हणजे व्होल्ट. वीस फुटांवरच्या टाकीसाठी घेतलेली तोटी शेहेचाळीस फुटांवरच्या टाकीला जोडली तर काय होईल? फक्त विजेच्या बाबतीत गणित याहूनही वाईट आहे. इस्त्री, शेगडी, भात शिजवायचे भांडे अशा तापणाऱ्या वस्तूंत जोर दुप्पट झाला की उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. १०० व्होल्टसाठी केलेली हजार वॅटची शेगडी आपल्या २३० वर लावली तर ती जवळजवळ ५,३०० वॅट ओढू पाहते. तिची तार तेवढी तग धरत नाही. उलट आपली हजार वॅटची इस्त्री जपानात लावली तर ती १९० वॅटच्या आसपासच घेते. म्हणजे ती नुसती कोमट होईल, धोतराची घडीसुद्धा मोडणार नाही. आपली वस्तू तिकडे नेली तर बहुधा फजिती होते. तिकडची वस्तू इकडे आणली तर आग लागते.

आमच्याच गावातली गोष्ट आहे. एका घरच्या मुलाने अमेरिकेहून आईसाठी पाव भाजायचे यंत्र आणले. ते १२० व्होल्टचे होते. बाजारातून पिना बदलायचा अडॅप्टर आणला, प्लग बसला, सगळ्यांना वाटले काम झाले. १२० ची वस्तू २३० वर, म्हणजे साडेतीन पटींहून जास्त उष्णता. मिनिटभरात आतली तार पांढरी पडली, प्लॅस्टिकने पेट घेतला. म्हातारीने घाबरून हातानेच ते ओढले. तळवा भाजला तो महिनाभर बरा होत नव्हता, आणि भिंतीवरचा काळा डाग अजून आहे. त्या अडॅप्टरवर ‘२५० व्होल्ट, १० अँपिअर’ असे छापलेले होते. घरातले म्हणत, “लिहिलं होतं की अडीचशेचं आहे म्हणून!” पण त्या आकड्याचा अर्थ एवढाच की तो अडॅप्टर स्वतः तेवढे सोसतो. तो व्होल्ट बदलत नाही. तो नुसता पिनांचा आकार बदलतो. बैलाची झूल घोड्यावर घातली म्हणून घोडा नांगराला चालत नाही.

व्होल्ट बदलतो तो ट्रान्सफॉर्मर. निशी-कासाईला अशी कामे सगळ्यांचीच, त्यामुळे शेजारच्या तेलुगू बिऱ्हाडात चढता ट्रान्सफॉर्मर मिळाला. १०० चे २३० करणारा, दीड हजार व्होल्ट-अँपिअरचा. वजन पाट्याएवढे, वरवंट्याचे म्हणत नाही, पाट्याचे. मिक्सर साडेसातशेचा असताना ट्रान्सफॉर्मर दुप्पट क्षमतेचा का, असे अक्काने विचारले. मोटर सुरू होताना एकदम जास्त ओढते आणि भांड्यात घट्ट वाटण असले की पुन्हा ओढते, म्हणून. आपला विहिरीवरचा पंप सुरू होताना सगळ्या वाडीचे दिवे कसे क्षणभर मंद होतात, तेच हे. बाजारात हातात मावणारे हलके ‘कन्व्हर्टर’ही मिळतात. त्यांतले पुष्कळसे फक्त तापणाऱ्या साध्या वस्तूंसाठी असतात. मोटर किंवा इलेक्ट्रॉनिक वस्तू त्यांवर लावू नये.

मिक्सर फिरला, आणि अक्काची इडली तोक्योत झाली. पण त्याच आठवड्यात एका संध्याकाळी भाताचे भांडे चालू, मायक्रोवेव्हमध्ये दूध, सूनबाई केस वाळवते आहे, अशात अक्काने मिक्सर सुरू केला आणि घर अंधारात गेले. आम्हाला वाटले लोडशेडिंग! पण शेजारी उजेड होता. तिकडे तोक्योसारख्या भागात घराने वीज कंपनीशी किती अँपिअरचा करार केला आहे ते ठरलेले असते. भाच्याचा करार ३० अँपिअरचा होता. १०० व्होल्टला ३० अँपिअर म्हणजे अवघे तीन हजार वॅट. व्होल्ट कमी असला की तेवढ्याच कामाला अँपिअर जास्त लागतात, हा त्या शंभराचा तोटा. साध्या सॉकेटमधून १५ अँपिअर, म्हणजे दीड हजार वॅटच्या वर घ्यायचे नाहीत. म्हणून पाण्याचा हीटर किंवा मोठा एअर कंडिशनर तिथे वेगळ्या २०० व्होल्टच्या जोडणीवर असतो. ती जोडणी त्याच घरातल्या तीन तारांतून मिळते.

तीन पिनांचे काय, हे सांगायचे राहिले. आपली तिसरी, जाड पिन म्हणजे अर्थिंग. जपानी सॉकेटला बहुतेक ठिकाणी ती नाही. मायक्रोवेव्ह आणि धुण्याचे यंत्र यांना मात्र प्लगशेजारून एक हिरवी तार वेगळी निघते, आणि त्या सॉकेटखाली झाकणाआड एक स्क्रू असतो. हिरवी तार तिथे आवळायची. शिवाय पेटीत गळती पकडणारा ब्रेकर असतो. अशी वस्तू आपल्याकडे आली की पुष्कळ लोक ती हिरवी तार ‘उगाच लोंबते’ म्हणून कापून टाकतात. तसे कृपा करून करू नका. ती तार म्हणजे ओल्या हाताने यंत्राला स्पर्श करणाऱ्या बाईचा जीव आहे.

मार्चअखेर सामान बांधायला घेतले तेव्हा खालच्या मजल्यावरची जपानी आजी वर आली. सत्तरी ओलांडलेली, कमरेत वाकलेली. तिने हामामात्सुचे नाव ऐकले आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन मायक्रोवेव्ह फिरवून त्याच्या पाठीवरची पट्टी वाचली. मग मान हलवली. पट्टीवर १०० व्होल्ट होते, ते तर दोन्हीकडे तेच. पुढे ‘५० हर्ट्‌झ’ एवढेच होते. तिने हाताने नदीसारखी एक रेघ हवेत काढली आणि पलीकडे बोट दाखवून ‘साठ’ म्हणाली. भाच्याने तो मायक्रोवेव्ह तोक्योतच राहणाऱ्या एका मित्राला देऊन टाकला.

एकाच देशात दोन प्रकारची वीज, हे आम्ही तेव्हा पहिल्यांदा ऐकले. घरातली वीज सरळ वाहत नाही, पाळण्यासारखी मागेपुढे झोके घेते. आपल्याकडे सेकंदाला ५० झोके. जपानात पूर्वेकडे, म्हणजे तोक्यो आणि त्याच्या वरच्या भागात ५०. पश्चिमेकडे, ओसाका-नागोयाकडे ६०. याचे कारण सव्वाशे वर्षांपूर्वीचे आहे. १८९० नंतरच्या काळात तोक्योच्या कंपनीने वीज तयार करायची यंत्रे जर्मनीहून आणली, ती ५० ची होती. ओसाकाच्या कंपनीने अमेरिकेहून आणली, ती ६० ची. दोघांनी आपापल्या बाजूने तारा वाढवीत नेल्या, आणि एक दिवस त्या समोरासमोर आल्या. तोवर दोन्ही बाजूंना इतके कारखाने, इतकी घरे जोडली गेली होती की बदलायचे कोणी? एका बांधावरून दोन भाऊबंद बोलत नाहीत, तशा त्या दोन विजा अजून शेजारी नांदतात.

हा बांध म्हणजे ढोबळमानाने फुजी नदी. उत्तरेकडे समुद्राला मिळते ते टोक इतोइगावा गावापाशी. हद्द काही अगदी धारेवरून गेलेली नाही, डोंगरात ती वाकडीतिकडी जाते. पण आगगाडीने जाणाऱ्याला नदी दिसते आणि खूण पटते.

आम्ही शिंकान्सेनने, म्हणजे त्यांच्या वेगवान गाडीने गेलो. ही गाडी १९६४ साली १ ऑक्टोबरला सुरू झाली. उजव्या हाताला फुजी पर्वत, अर्ध्यापर्यंत बर्फ, खाली कागदाच्या गिरण्यांची धुराडी, आणि मग रुंद, गोट्यांनी भरलेले नदीचे पात्र. आपल्या कृष्णेचे पात्र उन्हाळ्यात असते तसे, पाणी कमी आणि दगड जास्त. अक्काने हात जोडले. पर्वताला की नदीला, ते आम्ही विचारले नाही. गंमत अशी की गाडीला या बांधाचा पत्ताही लागत नाही. तोक्योपासून ओसाकापर्यंत सगळी गाडी ६० च्याच विजेवर चालते. पूर्वेकडच्या पट्ट्यात ५० ची वीज घेऊन वाटेतल्या केंद्रांत तिची ६० करतात आणि मग गाडीच्या तारेत सोडतात.

नदी ओलांडली की थोड्या वेळाने चहाचे मळे सुरू होतात. माकिनोहाराचे पठार म्हणजे चहाचा समुद्रच. १८६९ साली, राजवट बदलल्यावर बेकार झालेल्या सामुराई शिपायांनी तलवारी ठेवून कुदळी घेतल्या आणि ही माळरानाची जमीन फोडली. हामामात्सुला बिऱ्हाड लागल्यावर एका रविवारी आम्ही मुद्दाम तिथे गेलो. चहाच्या ओळी कातरलेल्या, गोल, आणि मधून मधून उंच खांबांवर पंखे. आम्हाला वाटले पवनचक्क्या. पण ते उलटे काम करतात. निरभ्र रात्री थंडी जमिनीलगत बसते आणि वर ऊबदार हवेचा थर राहतो. हे पंखे ती वरची हवा खाली ढकलतात आणि कोवळ्या पानांना दव गोठण्यापासून वाचवतात. मे महिन्याच्या पहिल्या खुडीवर वर्षाचा पैसा. एका रात्रीत जायचा. द्राक्षबागेत थंडीच्या रात्री शेकोट्या पेटवणाऱ्यांना हे निराळे सांगायला नको.

मळ्याचा मालक साठीचा होता. भाच्याने दुभाष्याचे काम केले. पंख्यांना तीन फेजची, २०० व्होल्टची वीज. आम्ही मोटरची पट्टी पाहायला मागितली तेव्हा तो माणूस खूश झाला. पाहुणे सहसा चहाच मागतात. त्याचे म्हणणे असे की नदीच्या पूर्वेलाही चहा आहे, आणि तिकडचा पंखा स्वस्तात मिळतो म्हणून कोणी उचलून आणू नये. चार पोलांची मोटर ५० वर मिनिटाला १,५०० च्या आतबाहेर फिरते, ६० वर १,८०० च्या. वेग एक-पंचमांश वाढला तर कोणाला वाटेल, बरेच झाले. पण पंखा असो की पंप, वेग सव्वापटही होत नाही तोच ताकद पावणेदोन पटीच्या जवळ लागते. मोटर तापते आणि जळते.

हे आम्ही वहीत लिहून घेतले, कारण उलटा हिशेब आपल्या कामाचा आहे. परदेशातला ६० झोक्यांचा पंप, व्होल्ट जुळवून का होईना, आपल्या ५० वर लावला तर तो सावकाश फिरतो. पाणी सहा घागरींच्या जागी पाच देतो, आणि ३६ मीटर चढवणारा पंप २५ मीटरवर दम टाकतो. विहीर खोल असेल तर पाणी वर येतच नाही, आणि माणूस पंप बनवणाऱ्याला शिव्या देत बसतो. तीन फेजची २०० व्होल्टची जपानी मोटर आपल्या ४०० ते ४१५ वर जोडली तर शिव्या द्यायलाही वेळ मिळत नाही.

झोक्यांचा फरक ट्रान्सफॉर्मरने जात नाही, हे पक्के लक्षात ठेवावे. ट्रान्सफॉर्मर जोर बदलतो, झोके नाही. विजेच्या झोक्यांवर चालणारे ६० चे घड्याळ आपल्याकडे तासाला दहा मिनिटे मागे पडते, मग ट्रान्सफॉर्मर कितीही भारी असो. मिक्सरला मात्र झोक्यांचे काही वाटत नाही. त्याच्या मोटरला कार्बनचे ब्रश असतात. म्हणून अक्काचा मिक्सर नदीच्या दोन्ही बाजूंना सारखाच ओरडला. तापणाऱ्या वस्तूंचेही तसेच.

झोके बदलायचे तर मोठी केंद्रे लागतात. हामामात्सु शहराच्याच हद्दीत, वर डोंगरात, साकुमा येथे १९६५ पासून असे एक केंद्र आहे. एका बाजूची वीज आधी सरळ वाहणारी करायची आणि मग दुसऱ्या बाजूच्या झोक्यांत पुन्हा घडवायची. हे काम किती खर्चाचे आहे ते २०११ च्या मार्चमध्ये जपानला कळले. ११ तारखेला भूकंप आणि समुद्राची लाट आली, फुकुशिमाचे अणुकेंद्र गेले, इतरही केंद्रे बंद पडली. पूर्वेकडे विजेचा दुष्काळ, आणि पश्चिमेकडे वीज देता येण्यासारखी होती. पण तेव्हाच्या सगळ्या केंद्रांतून मिळून जेमतेम दहा लाख किलोवॅट पलीकडे जाऊ शकत होते. १४ मार्चपासून तोक्योच्या आसपास पाळीपाळीने वीज बंद ठेवावी लागली. भरलेल्या विहिरीशेजारी पीक वाळावे आणि मध्ये पाटच नसावा, तशी गत. त्यानंतर पाट रुंद केला. २०२१ मध्ये आणखी नऊ लाख किलोवॅटची सोय झाली.

परतताना अक्काने हट्ट धरला की जपानी भाताचे भांडे गावी न्यायचेच. झाकण लावून बटण दाबले की भात होतो, चिकटत नाही, करपत नाही, हे तिने दोन महिने पाहिले होते. भाचा म्हणाला, “इथलं आपल्या घरातलंच घेऊन जा, मी दुसरं आणीन.” सूनबाईने मात्र ठाम नकार दिला. “गावाकडे घरात शंभरचं भांडं नको. तुम्ही नीट वापराल, आई. पण उद्या पाहुणा कोणीतरी ट्रान्सफॉर्मर काढून सरळ भिंतीत लावील.”

तिचे म्हणणे विचार करण्यासारखे होते. पूर्वी चपट्या पिना आपल्या सॉकेटमध्ये जातच नसत. तेवढी तरी अडचण होती. हल्लीच्या पुष्कळशा बोर्डांना अशी भोके असतात की गोल, चपटी, कुठलीही पिन बसते. अडॅप्टर शोधायचीही गरज नाही, म्हणजे थांबून विचार करायची वेळच येत नाही. आणि ज्या घरात तारांची टोके सोलून काडेपेटीच्या काड्यांनी खोचायची सवय आहे, तिथे तर बोलायलाच नको.

दुसरी गोष्ट गावच्या विजेची. उतरता ट्रान्सफॉर्मर २३० चे १०० करतो, म्हणजे प्रमाणात कमी करतो. गावात रात्री पंप बंद झाल्यावर व्होल्ट २७० वर गेला तर बाहेर ११७ निघतो. संध्याकाळी १७० वर आला तर ७४. तिकडच्या भांड्यातल्या नाजूक इलेक्ट्रॉनिक भागांना असे चढउतार माहीत नसतात. त्यांच्याकडे १०० म्हणजे १०० च्या आसपासच. मोबाईलच्या किंवा कॉम्प्युटरच्या चार्जरची गोष्ट वेगळी. त्यावर बहुधा ‘१०० ते २४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्‌झ’ असे छापलेले असते. तसे छापलेले असले तर नुसत्या पिना जुळवल्या की पुरे, ट्रान्सफॉर्मर लागत नाही. छापलेले नसेल तर लावू नये. अक्षरे जपानी असोत की आणखी कसली, आकडे सगळ्यांना वाचता येतात.

विमानाच्या आदल्या दिवशी आम्ही तोक्योच्या आकिहाबारा बाजारात गेलो. विजेच्या वस्तूंचा हा बाजार जगभर प्रसिद्ध आहे. एका दुकानात परदेशी पाहुण्यांसाठी वेगळा मजला होता, आणि तिथल्या मुलीने किंमत सांगण्याआधी विचारले, “कुठला देश?” इंडिया म्हटल्यावर तिने २२० ते २४० व्होल्टचे, ५० आणि ६० दोन्हींवर चालणारे भांडे काढले आणि पट्टीवर बोट ठेवून दाखवले. अक्काने चष्मा लावून आकडे स्वतः वाचले. किंमत मात्र साध्या भांड्याहून बरीच वर होती. तिने ते ठेवले, उचलले, पुन्हा ठेवले. शेवटी घेतले. भाच्याचे जुने भांडे जपानातच राहिले.

गावी आल्यावर ते आठ दिवस पेटीतच होते. अक्काने आधी वायरमनला बोलावून घराचे अर्थिंग तपासायला लावले. अंगणातल्या खड्ड्यात मीठ-कोळसा केव्हाचा संपला होता आणि तार गंजून तुटली होती. किती वर्षांपासून, कोणास ठाऊक. नवा खड्डा झाला, पेटीत गळतीचा ब्रेकर बसला, तीन पिनांचा पक्का प्लग लावला. मगच भात चढला, आंबेमोहोराचा. पाण्याचे प्रमाण जपानी तांदळाचे असल्याने पहिल्या दिवशी तो जरा गिच्च झाला.